चौदा पॉईंट एक

धर्मा भोईरला अणू आणि रेणू यांतला फरक समजावून सांगता सांगता ज्ञानदा मॅडमना जांभई आली. त्यांनी ती हाताआड दाबली, पण समोरच्या स्टुलावर बसलेल्या धर्माला लागण व्हायची ती झालीच. त्याने चांगलं तोंड उघडून जांभई दिली.

"मामा, निदान एकाने तरी जागं राहू या," मॅडम म्हणाल्या.

दुपारचे साडेतीन वाजले होते. वसईतल्या त्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या रसायनशाळेतून अकरावीची तुकडी नुकतीच उठून गेली होती. सिंकमध्ये परीक्षानळ्यांचा ढीग पडला होता आणि तो धर्मालाच धुवायचा होता. पण आधी अर्धा तास अभ्यास, असं तीन आठवडे चाललं होतं. ज्ञानदा मॅडम पंचविशीच्या, तासिका तत्त्वावर नेमलेल्या. दिवसभर इथे शिकवायच्या आणि संध्याकाळी मनवेलपाड्याला एका क्लासमध्ये पुन्हा हेच शिकवायच्या. धर्मा त्रेपन्न वर्षांचा. सत्तावीस वर्षं तो ह्याच खोलीत परिचर होता आणि पोरांच्या भाषेत 'मामा' होता. साडेतीनला दोघांच्याही अंगात काही उरलेलं नसे.

तरी अभ्यास करायचा, कारण प्रयोगशाळा सहायक लुईस सर महिनाअखेर निवृत्त होत होते. त्यांची जागा धर्माला मिळू शकत होती. अट एकच, दहावी पास, विज्ञानासह. धर्माने अठ्ठ्याऐंशी साली विज्ञानात गटांगळी खाल्ली आणि तो बापाबरोबर खाडीकाठच्या शेतात उतरला. गेल्या वर्षी पुन्हा फॉर्म भरला. भाषा सुटल्या, गणितही कसंबसं सुटलं, विज्ञान सहा गुणांनी अडकलं. आता जुलैची पुरवणी परीक्षा, पुढच्या गुरुवारी. ही हुकली तर बाहेरून माणूस येणार होता.

त्याला सहायक व्हायचं होतं ते एका रकान्यासाठी. द्रावणांच्या रजिस्टरला 'तयार करणारा' असा रकाना होता. गेली पंधरा वर्षं द्रावणं धर्माच करत होता. लुईस सरांना डोळ्यांनी काटा नीट दिसेनासा झाला तेव्हापासून. सही मात्र सरांची असायची, कारण परिचराने द्रावण करायचं नसतं. सरांनी कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला मार्करने यादी लिहून ठेवली होती. कॉस्टिक सोडा लिटरला ४ ग्रॅम, ऑक्झॅलिक ॲसिड ६.३, आणि अशी खालपर्यंत. धर्मा दार उघडायचा, आकडा बघायचा, वजन करायचा. ६.३ च का, हे त्याने कधी विचारलं नव्हतं. भातात पाणी किती घालायचं ते तरी कोण विचारतं?

"आता स्फटिकजल," मॅडम वही पुढे ओढत म्हणाल्या. "मोरचूद तापवला की काय होतं?"

"निळा जातो, पांढरा होतो. नळीच्या तोंडाशी पाणी जमतं. वरून थेंब टाकला की परत निळा." हे त्याने सत्तावीस वर्षं पोरांना मांडून दिलं होतं.

"बघा, येतंय की तुम्हाला. ते पाणी स्फटिकातच असतं. ओलसरपणा नाही हं, ठरलेलं पाणी. मोरचुदाच्या एका रेणूमागे पाण्याचे पाच. म्हणून रेणूवस्तुमान काढताना तेही धरायचं." त्यांनी बेरीज मांडून दाखवली. दोनशे एकोणपन्नास पॉईंट पाच. "घरी अशीच आणखी दोन-तीन करा. स्फटिकजल असलेली कुठलीही घ्या."

"आज नको मॅडम. उद्या प्रॅक्टिकलची फेरपरीक्षा आहे. द्रावणं करायचीत."

मॅडमनी डोळे मिटून मान हलवली. परीक्षक त्याच होत्या.

मॅडम गेल्यावर धर्माने नळ्या धुतल्या आणि कपाट उघडलं. ऑक्झॅलिकची जुनी बाटली मागेच संपली होती. पुरवठादाराने दिलेली नवी त्याने फोडली. आत बारीक, भुकटीसारखी पांढरी पूड होती. जुनी कशी साखरेसारखी चमकायची. ही चमकत नव्हती. लेबलवर नावापुढे इंग्रजीत एक जास्तीचा शब्द होता. कंपन्या लिहितात काहीबाही, असं म्हणून धर्माने लिटरला ६.३ च्या हिशेबाने वजन केलं, पाण्यात विरघळवलं, बाटलीवर चिठ्ठी लावली. लुईस सर छत्री घेऊन निघालेच होते. त्यांनी दारातूनच रजिस्टरवर सही केली.

शुक्रवारी फेरपरीक्षेला बावीस पोरं होती. ब्युरेटच्या आखीव, तोटीच्या नळीत कॉस्टिक, फ्लास्कमध्ये दहा मिली ऑक्झॅलिक, त्यात दर्शकाचे दोन थेंब. फिकट गुलाबी रंग टिकला की किती मिली कॉस्टिक लागलं ते वाचन लिहायचं. तीनदा करायचं. ह्यात सगळ्यांना ठाऊक असलेली पण कागदावर नसलेली एक रीत होती. पोरं रंग येईपर्यंत थांबायची नाहीत. मामा टेबलाजवळून पाण्याची बाटली घेऊन गेला की हळूच विचारायची.

"मामा, किती येतंय?"

"दहा एक ते दहा तीन," धर्मा ओठ न हलवता म्हणायचा. "सगळ्यांनी एकच लिहू नका, गाढवांनो."

ह्यात आपण काही वाईट करतो असं त्याला वाटत नसे. पोरं नापास झाली तर त्यांच्याच नळ्या त्याला पुन्हा धुवाव्या लागायच्या. आणि द्रावण त्याचं असल्यावर वाचन दहाच येणार. पंधरा वर्षं येत होतं.

शेवटच्या टेबलावर दिपिका होती. मनवेलपाड्याहून येणारी, लेखी परीक्षेत चार गुणांनी गेलेली मुलगी. प्रॅक्टिकलच्या गुणांवर तिचं बारावीत जाणं अवलंबून होतं, आणि ते तिला, मॅडमना आणि धर्माला, तिघांनाही माहीत होतं. म्हणून तिने विचारलं नाही तरी तो स्वतःहून थांबला.

"दहा एक ते दहा तीन."

"माझं चौदा येतंय, मामा."

"धुतलं नसशील नीट."

"धुतलं. तिन्ही वेळा बघितलं. चौदा एक, चौदा, चौदा एक."

"बाकी एकवीस जणांचं दहा आलंय. तू एकटी शहाणी?"

"त्यांनी बघितलं कुठे? त्यांनी तुम्हाला विचारलं." तिने ब्युरेटकडे बोट दाखवलं. "मामा, तुम्हीच बघा ना."

त्याने बघितलं नाही. सकाळपासून उभं राहून त्याच्या पायात गोळे आले होते, आणि दारापाशी पेपर गोळा करायची वेळ झाली होती. "लिही मग चौदा," तो म्हणाला, "आणि पुढच्या वर्षी परत ये. मी इथेच आहे."

तिने चौदा पॉईंट एक लिहिलं. संध्याकाळी मॅडमनी बावीस उत्तरपत्रिका तपासल्या. एकवीस दहाच्या आसपास, एक चौदा. धर्मा शेजारीच ब्युरेटी उलट्या टांगत होता. त्याने मॅडमचं लाल पेन अडलेलं पाहिलं, मग चाललेलं पाहिलं.

"हिने काय केलं कळत नाही," मॅडम म्हणाल्या. "उत्तर चाळीस टक्क्यांनी चुकलंय. आठातले दोन देते. सोमवारी निकाल द्यायचाय, पुन्हा घ्यायला वेळ नाही." आणि त्या पर्स घेऊन क्लासला पळाल्या.

रविवारी दुपारी आमटी खारट झाली. धर्माने दोन घास खाल्ले आणि भातावर नुसतं दही ओतून घेतलं.

"तोंड वाकडं करू नको," यमुना म्हणाली. "मीठ नवं फोडलं. जुनं पावसानं पानी धरून बसलेलं, त्याचे तीन चमचे लागत. हातानं सवयीनं तीनच घातले. हे कोरडं हाय, दोनातच काम झालं असतं. माज्या ध्यानात नाय आलं."

"बरणी बदलली की चमचा बदलायचा एवढं कळू नये?"

"तुज्या मॅडमकडून शिकून घेते," ती म्हणाली आणि ताट उचलून आत गेली.

जेवण झाल्यावर तो पडवीत वही घेऊन बसला. मॅडमनी सांगितलेली दोन-तीन गणितं करायची होती. स्फटिकजल असलेलं दुसरं काय, ते त्याला आठवेना. धुण्याचा सोडा पुस्तकात होता, तो त्याने केला. मग ऑक्झॅलिक आठवलं, कारण त्याची जुनी बाटली समोरच फळीवर होती. रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या तो घासून, धुऊन घरी आणायचा. त्यांत खिळे आणि वायसर ठेवायचा. लेबलवर सूत्र छापलेलं होतं, शेवटी एक टिंब आणि पाण्याचे दोन रेणू. दोन हायड्रोजन, दोन कार्बन, चार ऑक्सिजन, म्हणजे दोन, चोवीस, चौसष्ट. नव्वद. पाण्याचे छत्तीस. एकशे सव्वीस.

लेबलच्या कोपऱ्यात १२६.०७ छापलं होतं. आपलं उत्तर बाटलीवर छापलेलं पाहून त्याला इतका आनंद झाला की यमुनेला हाक मारून दाखवावं असं वाटलं. एकशे सव्वीसचा विसावा भाग किती, हे त्याने उगाच करून पाहिलं, कारण द्रावण वीस भागांतल्या एका भागाचं, पॉईंट शून्य पाच मोलरचं असतं, हे परीक्षेच्या कागदावर छापलेलं असे. सहा पॉईंट तीन.

कपाटाच्या दारावरचा आकडा. हा असा येतो तर.

मग त्याला ती न चमकणारी पूड आठवली.

आत यमुना भांडी घासत होती. ओल्या मिठाचे तीन चमचे, कोरड्याचे दोन. मिठाने धरलेलं पाणी हवेतलं आणि स्फटिकाचं पाणी ठरलेलं, हा फरक मॅडमनी करायला लावला असता, आणि तो खराही होता. पण आमटीला त्याने काही फरक पडत नव्हता. नव्या पुडीत पाणी नसेल तर वस्तुमान नव्वद. लिटरला साडेचार ग्रॅम. आणि त्याने घातले सहा पॉईंट तीन. सहा पॉईंट तीन भागिले साडेचार त्याने दोनदा केलं. एक पॉईंट चार. दहा मिलीच्या जागी चौदा.

"काय झालं रं?" यमुना ओल्या हातांनी दारात आली. "असा काय बसलाय?"

"एक पोरगी बरोबर होती," धर्मा म्हणाला.

"मग चांगलंच की."

"तिला नापास केली आम्ही."

यमुनेने हात पदराला पुसले. "झोप घे जरा. उद्याचं उद्या." त्याला झोपही हवी होती. पण तो पडून राहिला तेव्हा डोळ्यांसमोर दुसराच हिशेब चालू झाला. हे सांगायचं म्हणजे द्रावण आपण केलं हे सांगायचं. पोरांना आकडा आपण सांगितला हेही सांगायचं, नाहीतर बाकी एकवीस जणांचं दहा कुठून आलं? एवढं सांगितलेल्या माणसाला रकान्यात सही कोण करू देईल? गप्प राहिलं तर एक मुलगी एक वर्ष मागे पडेल. तो स्वतः पस्तीस वर्षं मागे पडला होता. त्याला कुणी चुकीने पाडलं नव्हतं, एवढाच फरक.

सोमवारी आठ वाजता रसायनशाळेत कुणी नव्हतं. त्याने नव्या बाटलीतून साडेचारच्या हिशेबाने थोडं द्रावण केलं. शुक्रवारचं उरलेलं शेजारी ठेवलं. दोन ब्युरेटी कॉस्टिकने भरल्या. सत्तावीस वर्षांत त्याने ब्युरेटी हजारो वेळा धुतल्या होत्या. स्वतःसाठी थेंब सोडत रंग येईपर्यंत थांबायची ही पहिलीच वेळ. पहिल्या फ्लास्कला दहावर गुलाबी आला. दुसऱ्याला दहावर काही नाही, बारावर काही नाही. चौदाला एक थेंब पडला, विरला. पुढच्याला रंग राहिला.

मॅडम साडेआठला आल्या तेव्हा दोन्ही फ्लास्क पांढऱ्या कागदावर ठेवलेले होते. त्यांनी आधी बाटलीचं लेबल वाचलं आणि तो जास्तीचा शब्द मोठ्याने उच्चारला. "म्हणजे निर्जल. अरे देवा." मग ब्युरेटी वाचल्या. मग खुर्चीत बसल्या.

"चौदा पॉईंट एक," त्या म्हणाल्या. "मग बाकीच्यांचं दहा कसं?"

"मी सांगितलं."

"मामा!"

"दर वर्षी सांगतो. तुमच्या आधीपासून."

त्या चिडतील असं त्याला वाटलं होतं. त्यांनी स्वतःच्याच कपाळावर हात मारला. "मी तरी कुठे बघितलं?" त्या म्हणाल्या. "एकवीस उत्तरं सारखी, आणि मला बरं वाटलं की तपासायला सोपं जातंय." मग त्यांनी आवाज खाली आणला. "निकाल अजून माझ्याकडेच आहे. दिपिकाचे गुण मी वाढवते. कुणाला काही कळायची गरज नाही. गुरुवारी तुमची परीक्षा आहे."

हे वाक्य धर्माने काल दुपारपासून स्वतःशी अनेकदा म्हणून पाहिलं होतं. दुसऱ्याच्या तोंडून ते आणखी सोपं वाटलं.

"आणि बाकी एकवीस?" त्याने विचारलं. "त्यांना वाटणार ती चुकली आणि आपण बरोबर."

तेवढ्यात लुईस सर छत्री झटकत आले. काय झालं ते ऐकून त्यांनी चष्मा काढला.

"धर्मा, तुला वेड लागलं काय? माझे दहा दिवस राहिलेत. रजिस्टरात माझी सही आहे."

"तुमच्या सहीला हात लावत नाही, सर. शेजारी लिहितो."

"काय लिहितोस?"

"मी केलं म्हणून. तुमच्या डोळ्यांचा विषय काढत नाही."

"पंधरा वर्षं झाकलं ते दहा दिवसांसाठी उघडं करतोस! कोण विचारत होतं तुला?"

"ती पोरगी विचारत होती," धर्मा म्हणाला. "ब्युरेट बघा म्हणत होती. मी बघितलं नाही."

लुईस सरांनी रजिस्टर उघडून त्या द्रावणाचं पान काढलं, खिशातलं पेन त्याच्यापुढे ठेवलं आणि खिडकीशी जाऊन पाठ करून उभे राहिले. धर्माने 'तयार करणारा' ह्या रकान्यात, सरांच्या सहीशेजारच्या अंगठ्याएवढ्या जागेत लिहिलं: 'नवी बाटली निर्जल. ४.५ ऐवजी ६.३ घेतले. द्रावण मी केले. वाचन मी सांगितले. धर्मा भोईर.' अक्षर लहान काढावं लागलं.

उपप्राचार्य जितेंद्र सरांनी ते पान दोनदा वाचलं. लुईस सरांना त्यांनी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांना उत्तर लिहून घ्यावं लागलं असतं. फेरपरीक्षा बुधवारी पुन्हा घ्यायची ठरली, बावीसही जणांची. मग ते धर्माकडे वळले.

"भोईर, तोंडी असतं तर मी ऐकलंच नाही असं केलं असतं. हे लेखी आहे. तुमच्या नावाची शिफारस परत घ्यावी लागेल."

"हो सर."

"गुरुवारचा पेपर देणार?"

"फॉर्म भरलाय, सर."

बुधवारी सकाळी द्रावण करायला लुईस सर स्वतः काट्यासमोर बसले. सही त्यांचीच चालणार होती. चष्मा कपाळावर, नाक काट्याला लागेल इतकं जवळ. चमच्यातली पूड अर्धी बाहेर सांडत होती.

"किती म्हणालास? साडेचार?"

"साडेचार, सर. ह्या बाटलीला."

"दारावर सहा तीन आहे."

"ते त्या बाटलीला."

सरांनी वजन संपवलं, उठले, कपाटाचं दार उघडलं आणि ऑक्झॅलिकच्या ओळीपुढे मार्करने लिहिलं: 'लेबल वाचणे.' मग पुढच्या ओळीपुढेही लिहिलं. मग मार्कर धर्माच्या हातात दिला. "उरलेलं तू लिही. माझे हात भरून आले."

पोरं आली ती रागानेच. दोनदा दिलेली परीक्षा तिसऱ्यांदा. धर्मा पाण्याची बाटली घेऊन टेबलांमधून निघाला तशी कुजबूज सुरू झाली.

"मामा, किती?"

"समोर काच आहे. तिला विचार."

"काय मामा, पार्टी बदलली?"

तो पुढे गेला. पहिल्यांदाच खोलीत शांतता होती; बावीस जणं थेंब मोजत होती आणि त्यांतल्या निम्म्यांना तोटी बंद करायलाही जमत नव्हतं. दोन फ्लास्क गडद जांभळे झाले. एक फुटला. धर्माने काचा गोळा केल्या. उद्याच्या पेपरचं पुस्तक कपाटावर उघडं पडलं होतं आणि त्याला ते आज बघायला मिळणार नव्हतं.

शेवटच्या टेबलापाशी तो थांबला. दिपिकाच्या फ्लास्कमध्ये रंग इतका फिका होता की कागद मागे धरल्याशिवाय दिसला नसता. ती ब्युरेटसमोर गुडघे वाकवून, डोळा रेषेला आणून बघत होती.

"दहा," ती म्हणाली, त्याच्याकडे न बघता. "आता दहाच येतंय."

"बरोबर आहे."

"मग तेव्हा चौदा कसं आलं?"

"तेही बरोबर होतं."

ती उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. चार दिवस घरी काय झालं असेल ते तिथे दिसत होतं. "मग तेव्हाच सांगायचं ना, मामा."

धर्माने तिच्या ब्युरेटखालचा कागद सरळ केला.

"तेव्हा मला येत नव्हतं," तो म्हणाला.